बर्फाखालचा कोबी

ओसाका, ११ जानेवारी

वहिनी,

नव्या वर्षाचं तुमचं कार्ड पोचलं. यंदाही छापीलच. खाली हाताने चार अक्षरं खरडायला तुमचा हात काही वळला नाही. तरी मी ते दादाच्या फोटोशेजारी लावलंय, कारण माहेरहून आता तेवढंच येतं. फोन करत जा असं म्हणणार नाही. माझे कान पार गेले. दुकानात समोरच्याचे ओठ बघून कोंबूचं वाळलेलं समुद्री शेवाळ विकते, आणि फोनला ओठ नसतात.

कामाचं लिहिते. माझी मैत्रीण किनुए वारल्याचं तुम्हाला कळवलं होतं. तिची मुलगी होनामी ओकायामाला चष्म्याच्या दुकानात असते. चौतिशीची आहे. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर तुमच्या निशिसावाला स्नोमोबाईल चालवायला गेली होती, मीच धाडलं होतं. कोहेईने त्यांना जंगलातून फिरवून आणलं. तेव्हापासून दोघांचे निरोप चालू आहेत. तुमच्या लेकाने तुम्हाला सांगितलं नसेलच. सांगणार कसा? चाळिशीला आला तरी तुमच्यापुढे भाताचा वाडगा धरताना तो मान वर करत नाही.

फेब्रुवारीत ती पुन्हा येऊ म्हणतेय. यंदा पाहुण्यांच्या खानावळीत न उतरता तुमच्याकडे उतरेल. मुलगी दाखवायला पाठवतेय असं म्हणू नका, कोहेई बिथरेल. पाहुणी आहे, गाडी चालवेल, गरम पाण्यात बसेल आणि जाईल. पण तुम्ही डोळे उघडे ठेवा. पोर मऊ आहे, कामाला वाघ आहे.

आणि शेती नाहीच जमली त्यांना, तर माझं दुकान आहेच. वरची खोली रिकामी पडलीय. मला मूलबाळ नाही, कोंबूची पोती आता उचलवत नाहीत.

फुमियो

निशिसावा, १९ जानेवारी

वन्सं,

कार्ड छापील होतं, कारण बोटांना भेगा पडल्यात. कोबी उकरायचे दिवस आहेत. ओसाकाची माणसं झालात, तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. आपल्याकडे पहिल्या थंडीला कोबी कापून शेतातच रांगांनी मांडतात आणि वरून बर्फ पडू देतात. बर्फ भुसभुशीत आहे तोवर ती त्याची गोधडी. बाहेर उणे पंचवीस असलं तरी आत कोबी गोठत नाही, उलट गोड होतो. फक्त त्या बर्फावर वजन पडता कामा नये. बर्फ दबलं की गोधडी गेली, आणि एका रात्रीत कोबीचा दगड होतो. म्हणून तर शेताच्या कडेने आणि रांगांच्या टोकांना लाल चिंध्यांच्या काठ्या. शेवटचा कोबी निघेपर्यंत त्या काठीला कुणी हात लावत नाही. तुम्ही लहानपणी घसरगाडी घेऊन त्या काठ्यांच्या आत गेला होतात, तेव्हा मामंजींनी तुम्हाला फोडून काढलं होतं म्हणे. सासूबाई अंथरुणावर पडल्या पडल्या मला हे सांगायच्या. अकरा वर्षं पडून होत्या, तेव्हा सांगायला वेळ पुष्कळ होता.

कोहेईचं मला माहीत होतं. तो फोन उशीखाली ठेवतो. ज्याला वाटतं आपलं कुणाला दिसत नाही, त्याचं सगळ्यांना दिसतं. सकाळी कोबी उकरायचा सोडून पाहुण्यांच्या पुढे गाडी पळवतो. एका अंगठ्याने गाडी पळते, फावड्याला मात्र दोन्ही हात लागतात, तेव्हा साहेबांची पाठ धरते. काय करणार, तेवढेच दोन हात आहेत माझ्याकडे. मी सहासष्टची झाले. एकटीने मला हे शेत एक हंगामसुद्धा निभायचं नाही.

येऊ द्या तुमच्या वाघाला. माझे डोळे उघडेच असतात. तुमच्या वरच्या खोलीला वारा लागू देत चला, बुरशी धरेल.

सादाए

ओकायामा, १६ फेब्रुवारी

फुमियो मावशी,

तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून लिहिते. माझ्या हातून फार मोठा अपराध झाला. पण आधी चांगलं लिहू दे, नाहीतर ते लिहायचं राहून जाईल.

पहिल्या दिवशी कोहेईंनी मला जंगलात नेलं. इतर पाहुणे नव्हते, दोनच गाड्या. तुम्ही कधी बसला आहात का? हँडल आतून गरम असतं, अंगठा जरासा दाबला की गाडी पुढे झेप घेते आणि पोटातलं सगळं मागे राहतं. वळताना वळणाच्या बाजूला अंग टाकायचं. मी उलट टाकत होते आणि सारखी बर्फात रुतत होते. ते न चिडता परत यायचे, गाडी ओढून काढायचे आणि म्हणायचे, "माझ्याच पट्ट्यावरून या. बाजूला ओढा आहे, वरून दिसत नाही." ते हात वर करत, मी थांबे. ते हात खाली करत, मी निघे. मावशी, आईच्या आजारपणानंतर कुणाच्या मागून नुसतं जायचं, काही ठरवायचं नाही, हे सुख मला माहीतच नव्हतं. वर गेल्यावर त्यांनी गरम सूप ओतून दिलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यातही बरं असतं इथे." मला तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी ते सहकारी संस्थेच्या गोदामावर गेले होते. जेवणं झाल्यावर काकू म्हणाल्या, "बसून काय करतेस गं? गाडी बाहेरच आहे. शेडमागची जागा मोकळी पडलीय, घाल तिथे चकरा."

"कोहेई नसताना?"

"शेत आपलं, गाडी आपली. आणि बर्फ दाबून निघालं तर आम्हालाच बरं, ट्रॅक्टरला वाट होते. जा, जा. एवढ्या लांबून आलीस ते काय माझ्याबरोबर मुळे किसायला?"

आम्हालाच बरं, हे ऐकून मला काय वाटलं ते कसं सांगू? मला वाटलं, पाहुणीला कुणी काम सांगत नाही, घरच्याला सांगतात. मी दुपारभर गाडी फिरवली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पट्ट्याला पट्टा लावून, काच पुसतात तशी. एक कोपरा कोरा ठेवला नाही. काकू खिडकीतून हात हलवत होत्या.

उजेड असतानाच कोहेई आले. शेडपाशी उभे राहिले आणि हललेच नाहीत. तेवढ्यात काकू अनवाणी धावत आल्या. "अगं बाई! हे काय केलंस! कोणी सांगितलं तुला इथे यायला?"

मी तोंड उघडलं होतं. पण मुलासमोर आईला "तुम्हीच सांगितलंत" असं कसं म्हणायचं? आपल्याकडे कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तरी माफी आधी आपणच मागतो, ते तोंडातून आपसूक निघतं. तसंच निघालं. "माझी चूक झाली." एकदा म्हटल्यावर मग मागे घेता येईना. शेजारचे त्सुरुमाकी आजोबा आले, संस्थेचा माणूस आला, प्रत्येकासमोर मी तेच म्हटलं. शेवटी बर्फात गुडघे टेकून डोकं टेकवलं. काकू म्हणत होत्या, "राहू दे, राहू दे, पोर आहे, शहरातली आहे."

दुसऱ्या दिवशी उकरलं तर कोबी दगडासारखे. शेगडीपाशी ठेवल्यावर उकडल्यासारखे गळून पडले. अख्खं शेत, मावशी.

मी किती नादान आहे बघा. घाईत आत येताना दारातल्या काठ्यांचा भारासुद्धा लवंडला माझ्या हातून. लाल चिंध्या बांधलेल्या होत्या, ओल्या होत्या, देवळाच्या उत्सवाच्या असाव्यात. माझी बोटं लाल झाली.

कोहेईंनी मला स्टेशनवर सोडलं. वाटेत म्हणाले, "आई माफ करेल तेव्हा बघू." मी त्यांना दोष देत नाही. पाहुणीने आधी नीट विचारून घ्यायला हवं होतं.

होनामी

निशिसावा, १८ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची पाहुणी आली आणि गेली. पोर कामाला वाघ आहे म्हणाला होतात, ते पटलं. शेडमागचं अख्खं शेत एका दुपारी फस्त केलं. टोळधाडसुद्धा कडेकडेने काही ठेवून जाते.

मी काही बोलले नाही तिला. बोलायचं कशाला, तिने स्वतःच गावाला ओरडून सांगितलं. नाक बर्फाला टेकवून माफी मागितली, तेव्हा त्सुरुमाकींच्या डोळ्यांत पाणी आलं. आता गावात कुणी ओसाकाचं नाव काढलं तरी माणसं हसतात. वाईट नका वाटून घेऊ, तुमचं नाव मी घेत नाही.

कोहेई पुन्हा कोबी उकरायला लागलाय. फोन उशीखाली नसतो. बरं चाललंय.

पोरीने माफीची मिठाई पाठवलीय, योकान, चांगली दोन खोकी. एक देवापुढे ठेवलं, एक संपलं. घट्ट आणि बेताची गोड होती. दुकानाचं नाव कळवायला सांगा.

सादाए

ओसाका, २५ फेब्रुवारी

वहिनी,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायला कान लागत नाहीत.

पोरीने मला सगळं लिहिलंय. आपण काय लिहितोय हे तिला कळलं नाही, एवढंच. लाल चिंध्यांच्या ओल्या काठ्या तुमच्या दारात काय करत होत्या? फेब्रुवारी अर्धा झाला होता, कोबी अजून बर्फाखाली होता. मी त्या घरात जन्मले आहे, वहिनी. त्या काठ्या घरात कधी येतात ते मला पाठीवरच्या वळांनी शिकवलंय. तुम्ही त्या उपटल्यात. सकाळी उपटल्यात, पोरीला गाडीवर बसवलंत आणि खिडकीत उभ्या राहून हात हलवलात. स्वतःचा कोबी स्वतः मारलात. शत्रूच्या शेतात कुणी असं करत नाही.

का? एवढंच सांगा. तुमच्या लेकाला बायको मिळाली असती. आणि त्या मुलीने तुमचं काय घोडं मारलं होतं? तिची आई मरताना माझा हात धरून होती. मी तिला काय तोंड दाखवू?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तुम्ही स्वतः तिला खरं कळवा. नाहीतर मी कळवीन. पत्र लिहून ठेवलंय, तिकीटही लावलंय.

फुमियो

निशिसावा, ४ मार्च

वन्सं,

हो, मीच उपटल्या. कंबर दुखत होती तरी उपटल्या. त्यात एवढं चकित व्हायला काय झालं?

तुम्ही विचारलंत का, तर सांगते. तुमच्या जानेवारीच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी वाचा, नक्कल ठेवली नसेल तर मी पाठवते. वरची खोली रिकामी. पोती उचलवत नाहीत. तुम्ही लग्न जुळवत नव्हता, वन्सं, तुम्ही मजूर पळवत होता. पोरीला पुढे करून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो ओसाकात बसून पत्रं लिहितो हे मला माहीत नव्हतं. तुम्ही एकोणिसाव्या वर्षी या घरातून गेलात. तुमच्या आईची घाण मी काढली, तुमच्या वडलांना मी भरवलं, तुमच्या दादाला मी जाळलं. मला सोबत नको आहे. सोबतीने माझं काय भलं झालं? मला हात हवेत. कोहेई गेला तर या बर्फात मी कोबीबरोबर गाडली जाईन आणि मला उकरायला कुणी येणार नाही.

पोरगी वाईट नव्हती. भांडं घासून पालथं घालते, पाहुणी असून सगळ्यांच्या मागून जेवते. म्हणूनच भ्यायले. वाईट असती तर दोन महिन्यांत कोहेई परत आला असता. हिच्याबरोबर गेलेला परत येत नाही.

आणि मी काही वेडी नाही. शेडमागचा कोबी तिसऱ्या प्रतीचा, फुटायला लागलेला. चांगल्या शेताला कुणी हात लावेल का?

राहता राहिलं तुमचं पत्र. टाका ना पेटीत. पोर खरं वाचेल आणि तुम्हाला विचारेल, मावशी, वरची खोली कुणासाठी होती? तेव्हा काय ते सांगा.

कोहेईला कळवायचं असेल तर तेही करून बघा. तुम्हाला वाटतं त्याला कळलं नाही? काठ्या दारात होत्या. शेतावरून तो आत आला, लवंडलेल्या काठ्यांना वळसा घातला, बूट काढले आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

सादाए

ओकायामा, २० एप्रिल

सादाए काकूंना,

तुम्ही योकान परत केलं नाहीत, त्याचा मला फार आधार वाटला. पण मिठाईने शेत भरून येत नाही हे मला कळतं.

मी दुकानातली नोकरी सोडली आहे. कोहेईंनी सांगितलं होतं, तुम्ही माफ कराल तेव्हा बघू. ती माफी इथे बसून मागण्यात अर्थ नाही. तुमची हरकत नसेल तर मी मे महिन्यात येते. जे नासवलं ते पुन्हा उभं राहीपर्यंत शेतात पडेल ते काम करीन. मला पगार नको, पाहुणी म्हणूनही ठेवू नका. शेडमध्ये झोपायलाही चालेल.

फुमियो मावशींना कळवलेलं नाही. त्या मला अडवतील.

होनामी

निशिसावा, २८ जून

वन्सं,

तिकीट लावलेलं पत्र अजून तुमच्याच कपाटात दिसतं. मला वाटलंच होतं. तिकिटं हल्ली महागलीत.

तुमची होनामी गेल्या महिन्यापासून इथे आहे. मी बोलावली नाही. आपल्या पायाने आली, पाठीवर पिशवी, हातात पुन्हा योकान. मी दार लावून घेणार होते, मग तिचे हात बघितले. चांगले रुंद आहेत.

वन्सं, इतकी वर्षं सगळी माणसं सुना शोधतात आणि रडतात. सून घरात आली की वाटा मागते, माहेर मागते, वेगळी चूल मागते. जिला वाटतं आपण अपराध केलाय ती काहीच मागत नाही. माझ्याआधी उठते. जेवायला बसताना आधी माफी मागते, मग चॉपस्टिक उचलते. रोपं लावताना मी म्हटलं, रांग वाकडी झाली. झाली नव्हती. तिने सगळी पुन्हा लावली. संध्याकाळी कोहेईकडे बघते, कोहेई टीव्हीकडे बघतो.

तेव्हा आता तुमच्या-माझ्यात भांडायचं कारण उरलं नाही. कोहेई माझ्याकडे खातो जास्त आणि पोरगी समोर असली की कामात चुकतो. तुम्हाला पोती उचलायला माणूस हवा होता ना? घेऊन जा त्याला. पाठ धरते म्हणेल, लक्ष देऊ नका. तो असेपर्यंत पोर माझ्या माफीची वाट बघते. तो गेला तर ती त्याची वाट बघेल, आणि इथेच बघेल, कारण मी सांगेन की तो इथेच परत येणार आहे.

तुम्ही फक्त एक करायचं. काही करायचं नाही. ते तुम्हाला आता जमायला लागलंय.

सादाए

ओसाका, ९ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. तुमच्यासारखी बाई मी पाहिली नाही. किनुएची मुलगी तुमच्या शेतात वाकलेली मला डोळे मिटले की दिसते, आणि हे मी तुम्हाला स्पष्ट लिहून ठेवते.

पण मी तरी काय करू? मला न विचारता तिने नोकरी सोडली. आता खरं सांगितलं तर ती जाणार कुठे? घर सोडलं, दुकान सोडलं. तिथे निदान दोन वेळचं खाते, कामात मन रमतं. काही दिवस जाऊ देत, मग सवडीने बघू.

गेल्या आठवड्यात पोत्याखाली माझं मनगट सापडलं. कोहेईला ऑगस्टातल्या ओबोनच्या सणाआधी पाठवलात तर बरं. खोली झाडून घेतलीय. मी बोलावलं असं पोरीला सांगू नका, काम मिळालं म्हणून गेला म्हणा.

फुमियो

निशिसावा, २० ऑक्टोबर

फुमियो मावशी,

तुम्ही माझ्यावर रागावला आहात हे मला माहीत आहे, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज एक विचारायचं आहे आणि विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही.

कोबी चांगला आलाय. लागवडीपासून मी केलाय, रोज बघते. कोहेई ऑगस्टमध्ये गेले. काम आलंय म्हणाले, माझ्याशी दोन वाक्यं बोलले. काकू म्हणतात, हिवाळा संपला की परततील, तोवर त्यांना त्रास देऊ नकोस. मी पत्र पाठवत नाही. तुमच्याच घरी राहतात असं त्सुरुमाकी आजोबांकडून कळलं. बरं वाटलं.

काल काकूंनी मला काठ्यांना नव्या चिंध्या बांधायला बसवलं. आजोबा कुंपणाशी उभे होते. म्हणाले, "पोरी, इतके दिवस विचारीन म्हणत होतो. या काठ्यांच्या आत आमचं कुत्रंही जात नाही. तू गाडी घेऊन कशी गेलीस?"

मी म्हटलं, "तिथे काठ्या नव्हत्या."

ते म्हणाले, "कोबी आहे तिथे काठ्या असतातच." आणि मग माझ्याकडे बघत राहिले, आणि मग घाईघाईने घरी गेले.

मावशी, त्या काठ्या मी त्या दिवशी दारात पाहिल्या होत्या. माझ्या हाताला त्यांचा रंग लागला होता. मी तुम्हाला लिहिलंही होतं. काल रंग पुन्हा लागला तेव्हा मला आठवलं. काकूंना विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि मी चुकीची ठरले तर ही माफी मला जन्मात मिळणार नाही.

तुम्ही या घरात वाढलात. कोबी शेतात असताना त्या काठ्या घरात कशासाठी आणतात? मला भांडायचं नाही. नुसतं कळलं तर मला उठून जाता येईल, किंवा मनापासून राहता येईल. आता दोन्ही जमत नाही. मी रात्री काकूंचं तोंड आठवते, मग माझं स्वतःचं, आणि दोन्हींवर विश्वास बसत नाही. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन.

होनामी

ओसाका, २७ ऑक्टोबर

होनामी बाळ,

रागावले कोण म्हणतं? तू माझ्या किनुएची मुलगी, तुझ्यावर मी रागावेन का?

तुझं पत्र वाचलं आणि हसू आलं, एवढ्याशा गोष्टीवरून किती जीव जाळतेस! अगं, दर हिवाळ्यात मधेच एकदा काठ्या उपटून घरात वाळवायला आणतात, नाहीतर बुंध्याशी कुजतात. मी लहान असताना आमच्याकडे हेच करत. शहाणी माणसं तेवढे दिवस त्या बाजूला फिरकत नाहीत, पण तुला नवखीला कसं कळणार? त्सुरुमाकी म्हातारे झालेत, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. आणि वहिनींना यातलं काही विचारू नकोस हं. त्यांना आधीच त्या शेताचं दुःख आहे, जखमेवरची खपली कशाला काढायची?

तू मनापासून राहा. वहिनी बोलायला फटकळ आहेत, पण माझ्याजवळ तुझं कौतुकच लिहितात. कोहेई बरा आहे, अंगाने भरलाय. तुझा विषय काढत नाही, पण पुरुषांना वेळ लागतो. एकदोन वर्षं कळ काढ, आपोआप सगळं जागेवर येईल. तुझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

यंदा तुमच्याकडे बर्फ लवकर आहे असं पेपरात आलंय. तेव्हा कोबी वेळेत कापून घ्या.

तुझी मावशी
फुमियो